मालिकेतला म्हातारा

"काल काय झालं हो बाबा?"

उज्ज्वलानं चपला काढायच्या आधी हेच विचारलं. माझी सून परांड्याहून, तिच्या भावाच्या मुलीचं बारसं उरकून आली होती. खांद्यावर पिशवी तशीच, केसांवर एसटीच्या खिडकीतली धूळ. तिकडे पाहुण्यांच्या गडबडीत टीव्ही लावायला कुणाला सवड नव्हती आणि आठच्या मालिकेचे दोन भाग तिचे बुडाले होते.

"आधी हातपाय धू," मी म्हणालो.

"धुते. पण सांगा तरी. पाटल्यांचं काय झालं? सापडल्या?"

"पाटल्या राहिल्या बाजूला. काल मोठंच झालं."

मोरीकडे निघालेली ती थांबली.

"आप्पासाहेबांनी शाल्मलीला दिवाणखान्यात बोलावलं. बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आणि म्हणाले, बस."

आप्पासाहेब म्हणजे मालिकेतले सासरे. गालभर मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी, बोलायच्या आधी दोनतीनदा खाकरायची सवय. शाल्मली त्यांची धाकटी सून. तिचा नवरा मालिका सुरू व्हायच्या आधीच वारलेला. तो फक्त भिंतीवरच्या फोटोत हसत असायचा. आमच्याही भिंतीवर तसा एक फोटो होता, पण त्याबद्दल आम्ही दोघं कधी अवाक्षर बोललो नव्हतो.

"बसवून घेतलं? आप्पासाहेबांनी?" उज्ज्वलाला खरं वाटेना.

"हो. आणि म्हणाले, त्या शेजारच्या डॉक्टरनं तुला विचारलंय, मला कळलंय. तू नाही म्हणालीस, तेही कळलंय. माझ्यासाठी नाही म्हणाली असशील, तर ते मला चालणार नाही."

"असं म्हणाले?"

"का? म्हणू नये?"

"गेल्या आठवड्यात चहात साखर कमी पडली म्हणून कप भिरकावला होता त्यांनी."

"माणूस बदलतो."

तिनं पिशवी खुंटीला अडकवली. जरा वेळानं म्हणाली, "शाल्मली काय म्हणाली मग?"

"काही नाही. खाली बघत राहिली. तेवढ्यात संपलं."

"मला नाही पटलं."

"काय नाही पटलं?"

"हेच. अशी कशी जाईल ती? घरात दुसरं कोण आहे त्यांना?"

मालिकेतल्या त्या घरात दहाबारा माणसं होती. दोन मुलगे, दोन सुना, आत्या, वर नोकरचाकर. हे तिच्या लक्षात आलं नाही आणि मीही लक्षात आणून दिलं नाही.

"म्हातारा काय लहान मूल आहे?" मी म्हणालो. "हातपाय धड आहेत त्याचे. बाजार आणता येतो. भात लावता येतो."

"आप्पासाहेबांना भात लावता येतो?"

"शिकले असतील."

तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मोरीत गेली. मग स्वयंपाकघरात गेली. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. ते बंद झाल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही. त्यानंतर कुठलंतरी भांडं घासल्याचा आवाज येत राहिला. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. वाचत काहीच नव्हतो.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. बार्शीच्या स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माईकवर गाड्यांची नावं पुकारायची, हे माझं काम. सोलापूरला जाणारी, कुर्डुवाडीला जाणारी, अमुक फलाटाला लागलेली. अख्खी नोकरी त्या माईकवर गेली. घरी मात्र मला बोलता यायचं नाही. माझी बायको हयात असताना ती दोघांच्या वाट्याचं बोलायची, त्यामुळे ते कधी उघडं पडलं नाही. ती गेली, मग निवृत्त झालो, आणि त्यानंतरच्या वर्षी गिरीश गेला. माझा एकुलता एक. साधी कावीळ म्हणता म्हणता त्याला सोलापूरला हलवलं आणि तिथून त्याला आणलंच नाही, त्याचं शरीर आणलं. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. मूलबाळ नव्हतं.

लोक म्हणाले, सून आता माहेरी जाईल. तिचे वडीलही न्यायला आले होते. उज्ज्वला त्यांना म्हणाली, "सध्या नको." ते 'सध्या' चार वर्षं चाललं.

ती गुगळे डॉक्टरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात होती. पेशंटला खुर्चीवर बसवायचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचून घ्यायची, चष्म्याचा नंबर काढायचा. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची. मी भाजी आणून ठेवायचो. जेवताना ती विचारायची, "वाढू?" मी म्हणायचो, "थोडं." एवढंच बोलणं. घरात माणसं दोन आणि बोलायला विषय एक, आणि तो तर काढायचा नव्हता.

गिरीश गेल्यापासून टीव्हीवर कापड टाकलेलं होतं. ते तिनं एका संध्याकाळी काढलं. का ते मला माहीत नाही. बटण दाबलं आणि हीच मालिका लागली. त्यातली थोरली सून स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. अंगावर शालू, गळ्यात तीन पदरी हार, हातात कोपरापर्यंत बांगड्या. उज्ज्वला उभ्या उभ्या बघत होती. म्हणाली, "भेंडीचं लग्न लागणारे वाटतं."

माझ्या तोंडून आवाज निघाला. तो हसण्याचा होता, हे मला जरा वेळानं कळलं.

तेव्हापासून रोज आठला आम्ही दोघं टीव्हीसमोर. ती पलंगाच्या कडेला, मी खुर्चीत. मालिका काही फार चांगली नव्हती. पण ती बघताना बोलता यायचं. थोरली सून कारस्थानी आहे पण स्वयंपाक तिचाच चांगला असणार, असं माझं मत. डॉक्टर दिसायला बरा आहे पण चालतो बदकासारखा, असं तिचं. रविवारी दुपारी एखादा जुना सिनेमा लागला, तर तोही बघायचो. तो संपला की मी म्हणायचो, "ठीक होता." ती म्हणायची, "मध्यंतरापर्यंत बरा होता, पुढे बिघडवला." मला पूर्वी वाटायचं, सिनेमाबद्दल बोलणारी माणसं रिकामटेकडी असतात. पण त्या दिवसांत दुपारी स्टँडवर जुन्या सोबत्यांकडे जाऊन बसलो, तरी माझ्या डोक्यात घोळायचं की आज संध्याकाळी उज्ज्वलाला अमुक सांगायचं, थोरलीनं काल खोटी सही केली ते तिच्या लक्षात आलं का विचारायचं.

आणि हळूहळू आम्ही आमचंही त्याच्यात बोलायला लागलो. मला महिनाभर खोकला होता. मालिकेत आत्याचे यजमान खोकताना दाखवले, तर ती म्हणाली, "या पुरुषांना वेळेवर डॉक्टरकडे जायला काय होतं कुणास ठाऊक." दुसऱ्या दिवशी मी छाती तपासून आलो. ती कायम करड्या, फिक्या साड्या नेसायची. मी एकदा शाल्मलीकडे बघून म्हणालो, "हिला पांढरं नेसवायची काय गरज आहे? वय काय तिचं." त्या शनिवारी उज्ज्वला अबोली रंगाची साडी नेसून दवाखान्यात गेली.  

तर ती परांड्याहून आली तो रविवार होता, त्या दिवशी मालिका नसायची. ही त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. आठ वाजायला आले, तसा मी सारखा दिव्याकडे बघायला लागलो. त्या दिवसांत भारनियमन असायचं, कधीही वीज जायची. आज जावी, असं मला मनापासून वाटत होतं. पण ती गेली नाही. उज्ज्वलानं हात पुसत टीव्ही लावला आणि पलंगाच्या कडेला बसली.

पहिल्याच दृश्यात शाल्मली चहाचा ट्रे घेऊन दिवाणखान्यात आली. आप्पासाहेब खाकरले. पाटल्या अजून सापडलेल्या नव्हत्या. सगळं घर गोळा झालेलं होतं. आप्पासाहेबांनी काठी आपटली आणि शाल्मलीवर ओरडले, "या घरची सून याच घरात राहील! उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस तर याद राख!"

मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो.

मी तिला सांगितलेलं यातलं काहीच घडलेलं नव्हतं. मी तो भाग बघितलाच नव्हता. उज्ज्वला परांड्याला गेली त्याच दुपारी आमच्या गल्लीला वीज पुरवणारा डीपी, ती कोपऱ्यावरची लोखंडी पेटी, धडाडकन जळाला होता. दोन्ही संध्याकाळी मेणबत्ती लावून बसलो होतो. वीज आली ती उज्ज्वला परतायच्या जेमतेम तासभर आधी.

त्यातल्या पहिल्या संध्याकाळी डॉक्टर गुगळ्यांच्या पत्नी घरी आल्या होत्या. दवाखान्याचा कारभार त्याच बघायच्या. मेणबत्तीच्या उजेडात त्यांना खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "काका, स्पष्ट बोलू का?"

"बोला की."

"अरविंद बोधले म्हणून एक गृहस्थ आहेत, लातूरचे. आमच्याकडे चष्म्याच्या काचा पुरवतात. पहिलं लग्न मोडलंय त्यांचं, पण माणूस चांगला आहे, मी चौकशी केलीय. त्यांनी उज्ज्वलाला विचारलं."

"मग?"

"ती नाही म्हणाली."

तेव्हा मला काय वाटलं, ते सांगतो. बरं वाटलं. नाही म्हणाली, सुटलो, असं वाटलं.

"मी तिला कारण विचारलं," गुगळेबाई म्हणाल्या. "तर म्हणाली, बाबांना कोण आहे? काका, तो माणूस तिला आवडत नसता, तर मी इथे आले नसते. तिच्या तोंडावर दिसतं. तुम्ही बोला तिच्याशी. दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही."

"बोलतो," मी म्हणालो.

त्या गेल्या आणि मघाचं ते बरं वाटणं मला टोचायला लागलं. मी बोलायची तयारी केली. मेणबत्तीसमोर बसून वाक्यं म्हणून बघितली. 'उज्ज्वला, मला तुझ्याशी जरा बोलायचंय.' इथपर्यंत जमायचं. पुढे गिरीशचं नाव आल्याशिवाय वाक्य पुरं होत नव्हतं, आणि ते नाव माझ्या तोंडून निघत नव्हतं. दोन दिवस घोकलं. आणि तिनं दारातच विचारलं, काल काय झालं हो बाबा, तेव्हा जे तोंडून निघालं ते आप्पासाहेबांच्या नावानं निघालं. पुढे काय होईल, याचा मी विचारच केला नव्हता.

टीव्हीवर जाहिराती लागल्या.  

"सामान न्यायला परत आली असेल," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"शाल्मली," ती म्हणाली. "परवाच्या बोलण्यानंतर निघाली असेल. काहीतरी राहिलं असेल. ते न्यायला आली असेल."

"असेल," मी म्हणालो.

"आणि हे असे का ओरडतायत मग? यांनीच तर जा म्हणून सांगितलं."

"चारचौघांत ओरडावं लागतं. मनात तसं नसतं."

"मनात काय असतं?"

"तिनं जावं, असंच असतं."

"खरंच असतं, बाबा?"

कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरात चालली होती. एक बाई दोरीवर पांढराशुभ्र शर्ट वाळत घालत होती. मी तिच्याकडे बघत म्हणालो, "असतं."

"वरण नासलं होतं फ्रिजमधलं," उज्ज्वला म्हणाली. "बर्फाच्या ट्रेमध्ये नुसतं पाणी होतं. मला कालच कळलं की इथे वीज नव्हती."

"मग कालच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतकं बोलत होता. मी कधी ऐकलं नव्हतं तुम्हाला इतकं बोलताना." तिनं मान वळवली. "गुगळेबाई आल्या होत्या?"

"हो."

जाहिराती संपल्या. परत आप्पासाहेब दिसले. तिनं उठून आवाज बंद केला. मला वाटलं, आत जाईल. पण ती परत येऊन बसली. पडद्यावर माणसं हातवारे करत होती, तोंडं उघडत होती, मिटत होती.

"मी गेले तर तुम्ही काय कराल?"

"टीव्ही बघीन."

"बाबा, नीट सांगा."

"नीटच सांगतोय. टीव्ही बघीन, स्टँडवर जाईन, भात लावीन. उज्ज्वला, तू इथे राहिलीस, तर मी मेल्यावर काय करशील?"

हे मी बोललो, याचं मलाच नवल वाटलं. ती रडायला लागली. आवाज न करता, चेहरा तसाच ठेवून. गिरीश गेला तेव्हाही ती अशी माझ्यासमोर रडली नव्हती. मला उठून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता. मी उठलोही. पण तिथपर्यंत गेलो आणि पाण्याचा तांब्या भरून आणला. तो तिच्या हातात दिला.

"भात शिकवते उद्या," ती म्हणाली. "तुम्ही पाणी फार घालता."

बोधले पुढच्या आठवड्यात भेटायला आले. हडकुळे, चष्मा लावणारे, बुटांना धूळ लागू नये म्हणून जपून पाय टाकणारे गृहस्थ. माझ्या पाया पडले. मी बसा म्हणेपर्यंत बसले नाहीत. उज्ज्वला चहा करायला आत गेली आणि आम्ही दोघं समोरासमोर गप्प. मला कळेना, अशा वेळी काय विचारतात. नोकरी माहीत होती, घर माहीत होतं.

"तुम्ही टीव्ही बघता का?" मी विचारलं.

ते गोंधळले. "टीव्ही? नाही हो, वेळच मिळत नाही. फिरतीचं काम. घरी आलो की बातम्या लावतो तेवढ्या."

"सिनेमा?"

"फार नाही. का?"

"बघत जा," मी म्हणालो. "तिच्याबरोबर बसून बघा. आवडो, न आवडो, काहीतरी मत देत जा. तिला सरळ बोलता येत नाही. आमच्या घरात कुणालाच येत नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, तर ती सगळं पोटात ठेवील."

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मला कथा लवकर कळत नाही काका. कोण कुणाचं, ते विचारावं लागतं."

"विचारा. ती सांगेल. तिला आवडतं सांगायला."

लग्न लातूरला नोंदणी कचेरीत झालं. तिच्या वडिलांच्या शेजारी मी साक्षीदार म्हणून सही केली. परत येताना एसटीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. मुरूड मागे गेलं, येडशी मागे गेली, आणि मला आठवत राहिलं की आज मंगळवार आहे आणि आठला मालिका आहे. घरी पोचलो तर आठ वाजून गेले होते. तरी मी टीव्ही लावला. शेवटची थोडी मिनिटं राहिली होती. शाल्मली देवघरात रडत होती. मी बंद करून टाकला. कापड शोधलं आणि टीव्हीवर टाकलं. मग वाटलं, हे बरं नव्हे, आणि काढलं.

सुरुवातीला रोज तिचा फोन यायचा, मालिका संपल्या संपल्या. थोरलीचं कारस्थान, पाटल्या, डॉक्टरची चाल. बोधले पलीकडून विचारत असलेलेही ऐकू यायचे, "हा कोण? हा आधी होता का?" ती हसायची. मग दोनचार दिवसांनी फोन यायला लागला. मग तिला मुलगी झाली, तेव्हा महिनेच्या महिने मालिका बघणं तिला जमलंच नाही. मी मात्र बघत होतो. एके दिवशी ती संपली. सगळ्या चुकीच्या माणसांना माफी मिळाली आणि सगळे एका पंगतीला जेवायला बसले. मी तिला फोन केला नाही. मूल लहान, ती थकलेली, त्यात हे काय सांगायचं. पुढे आठ वाजता दुसरी मालिका सुरू झाली. तिच्यातली माणसं मला शेवटपर्यंत वेगळी ओळखता आली नाहीत.

ज्याच्यासाठी हे सांगतोय, तो फोन मालिका संपली त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यानंतरचा. रविवार होता, दुपारची वेळ. मी जेवून नुसता बसलो होतो.

"बाबा, काय करताय?" उज्ज्वलानं विचारलं.

"काही नाही. सिनेमा लागलाय एक."

"कोणता?"

मला नाव सांगता येईना. टीव्ही बंदच होता. मी काहीतरी जुळवायला लागलो. एक मुलगा असतो, तो शहरात जातो, असं काहीतरी. ती ऐकत होती. मी मध्येच थांबलो.  पलीकडे तिची मुलगी बोबडं काहीतरी बडबडत होती.

"बाबा," ती म्हणाली, "एकटं वाटतं का हो तुम्हाला?"

मला सांगता आलं असतं की नाही वाटत. स्टँडवर जातो, चार माणसं भेटतात. सांगता आलं असतं की सिनेमा मध्यंतरापर्यंत बरा आहे.

"वाटतं," मी म्हणालो.

ती त्यावर काही म्हणाली नाही. पण फोनही ठेवला नाही. मुलीला ती हळूच 'ये, मांडीवर बस' म्हणाल्याचं मला ऐकू आलं. आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून बसून राहिलो, बराच वेळ.